प्रणोतीच्या वतीने

शाळेच्या फाटकाशी उभी असलेली आया मराठी बोलेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती नवीन आलेली. निळी साडी, पांढरी पिन, आणि तोंडात सतत "लाइन में चलो, लाइन में". तिच्यापासून दोन हातांवर उभी राहून मी फोनवर बोलत होते. आवाजही कमी केला नव्हता. का करावा? जबलपुरात माझी मराठी ही माझ्याबरोबर फिरणारी एक खोली आहे. भाजीच्या ठेल्यापाशी, बँकेच्या रांगेत, कमानिया गेटच्या गर्दीत, कुठेही उभी राहून मी तिचं दार लावून घेते आणि आत काय वाटेल ते बोलते. लग्न होऊन भंडाऱ्याहून इथे आले तेव्हापासूनची सवय. सासूबाई होत्या तेव्हा आम्ही दोघी तर दुकानदाराच्या तोंडासमोर त्याच्या कापडाला नावं ठेवायचो, आणि तो हसून आणखी एक तागा उलगडायचा.

"अगं, व्हिसाच्या तारखा होत्या," मी ज्योतीताईला सांगत होते. "तीनदा दिसल्या मला. मीच घेतल्या नाहीत. सुमेधला सांगितलं, मिळतच नाहीयेत."

"वेडी झालीस का तू?" भंडाऱ्याहून ताई म्हणाली. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"मग काय करू? प्रणोती घराबाहेर कोणाशी एक शब्द बोलत नाही. दीड वर्ष झालं शाळेत येऊन. टीचर हजेरी घेते तेव्हा नुसता हात वर करते. तिथे नेऊन काय करू हिला, सांग ना."

"बोलते नं बाई," आया म्हणाली. ती एका मुलाच्या सँडलचा पट्टा लावत होती, मान खालीच होती. "माह्यासंगं तं लई बोलते."

मी फोन बंद केला. ताईला काही सांगितलं की नाही, आठवत नाही. आयेने पट्टा लावला, मुलाला त्याच्या आजोबांच्या हवाली केलं, आणि मग माझ्याकडे पाहून अगदी साधं हसली. नाव पार्वताबाई. मूळच्या पवनीकडच्या. पण इथल्या घमापुरातच लहानाच्या मोठ्या झालेल्या. "तुम्ही गुलाबराव भाऊंच्या सूनबाई नं? विहारात पाहिलं मी तुम्हाले." मी हो म्हटलं. मग, विचारायचं नव्हतं तरी, विचारलं, काय बोलते. पार्वताबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "सारंच बोलते. पप्पाच्या गावाले जायचं म्हणते. विमानात खिडकीपाशी बसन म्हणते. परवा मले म्हणे, आगुआ. म्या म्हटलं काय व्हय वं हे? तं म्हणे, पाणी, मावशी, तुम्हाले येत नाही का."

आगुआ. माझ्या फोनवरच्या स्पॅनिशच्या चौथ्या धड्यातला शब्द. आगुआ, पाणी. मालेता, सूटकेस. बियेते, तिकीट. मी कणीक मळताना फोन ओट्यावर उभा करून ठेवते आणि त्या बाईच्या मागोमाग म्हणते. प्रणोती तेव्हा खाली फरशीवर डब्यांची झाकणं लावत बसलेली असते. तिच्या तोंडून घरात यातला एकही शब्द मी ऐकला नव्हता. ऐकण्यात तर मी कमी पडत नाही. मी तिचा श्वास ऐकते. झोपेत कूस बदलली तर ऐकते. शाळेतून आल्यावर तिच्या डब्यात किती पोळी उरली, वेणीचं रबर सकाळचंच आहे की बदललंय, नखाखाली कुठल्या रंगाचा खडू, हे सगळं मी पाहते, कारण ती सांगत नाही, आणि जे ती सांगत नाही ते मला कुठून तरी गोळा करावं लागतं. पार्वताबाईने ते नुसतं सँडलचा पट्टा लावता लावता माझ्या हातात ठेवलं.

ई-रिक्षात आम्ही दोघी मागे, समोर एक कॉलेजची मुलगी कानात वायरी घालून. रांझीच्या आमच्या घरापर्यंत वीसेक मिनिटं. सप्टेंबरचं ऊन प्लास्टिकच्या पडद्यातून पिवळं होऊन आत येत होतं. प्रणोतीने नेहमीसारखी माझी बाही ओढली. मी वाकले. तिने हाताचा द्रोण करून माझ्या कानात म्हटलं, "पंखा." मी म्हटलं, "भैया, जरा पंखा चला दो." रिक्षावाल्याने पंखा लावला. हे आमचं असं असतं. तिचे शब्द माझ्या कानात येतात, ओलसर, दुधाच्या वासाचे, आणि माझ्या तोंडून बाहेर पडतात, आकाराने मोठे होऊन, हिंदी होऊन. दुकानात, दवाखान्यात, वाढदिवसाला. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं बेटा, तर ती माझ्या कानात सांगते आणि मी डॉक्टरांना. लोक म्हणतात, किती लाजते. मी म्हणते, हो ना. आणि हे म्हणताना माझ्या आत कुठेतरी एक गोष्ट अंग सैल करून पाय पसरून बसते, ती काय आहे हे मी आजवर पाहिलं नव्हतं. त्या पिवळ्या उजेडात ती मला दिसायला लागली आणि मी घाईने बाहेर पाहिलं. टायरचं दुकान, चष्म्याचं दुकान, लाल फलकावरचा दात. मी मनात धडा म्हणू लागले. यो, मी. तू म्हणजे तू, हे एक बरं, तेवढं तरी फुकट मिळालं. एल, तो. एया, ती. उस्तेद, आपण, तुम्ही, मान द्यायचा असेल तेव्हा. सुमेधला मी फोनवर एकटी असताना तू म्हणते आणि सासऱ्यांसमोर तुम्ही. ते सुमेधला इतकं गमतीचं वाटतं की माझं तुम्ही ऐकलं की तो तिकडून म्हणतो, बाबा खोलीत आलेले दिसतात.

"पार्वता मावशीशी बोलतेस तू?" मी विचारलं.

प्रणोतीने मान हलवली. हो.

"माझ्याशिवाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी गमतीचं विचारलं. मग कानाशी आली. "ती विचारते."

"मी पण विचारते की."

"तू सांगून टाकते," ती म्हणाली, आणि पुन्हा नीट बसली, दप्तर मांडीवर घेऊन.

धड्याबाहेरचं पहिलं वाक्य मी कोणतं शोधलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. सुमेध जानेवारीत गेला. सारागोसा नावाच्या गावी पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कंपनीत. मी फेब्रुवारीत शिकायला लागले. पहिल्याच आठवड्यात, जेव्हा मला अजून पाणी आणि भाकरी म्हणता येत नव्हतं, तेव्हा मी फोनमध्ये शोधून, लिहून काढून, पाठ केलं: मि इखा नो आब्ला. माझी मुलगी बोलत नाही. विमानतळावर कोणी विचारलं तर. शाळेत विचारलं तर. मी ते इतकं घोटलं की माझ्या सगळ्या स्पॅनिशमध्ये तेवढंच एक वाक्य मला न अडखळता येतं. मी एका अख्ख्या परक्या देशासाठी माझ्या मुलीची ओळख तयार करून ठेवली होती, इस्त्री करून, घडी घालून. आणि ती इकडे विमानात खिडकीपाशी बसणार होती.

तारखांचं असं झालं. सुमेधने तिकडून आमच्यासाठी परवानगी काढली. तो कागद आला की दोन महिन्यांत दिल्लीला जाऊन व्हिसाचा अर्ज द्यायचा. उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून. दिल्लीची तारीख वेबसाइटवर घ्यायची, ते काम माझ्याकडे. पहिल्यांदा तारीख दिसली तेव्हा प्रणोतीला ताप होता, म्हणून नाही घेतली. खरंच ताप होता. दुसऱ्यांदा दिसली तेव्हा ताप नव्हता. मी पडद्यावर त्या हिरव्या चौकोनाकडे पाहत बसले, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर राखाडी झाला, कोणीतरी घेतली. मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा मी पानच बंद केलं. दरवेळी सुमेधला लिहिलं, अजून नाही रे. दरवेळी त्याने लिहिलं, बघत राहा. आज सकाळीही मी पाहिलं होतं. सव्वीस तारखेचा एक चौकोन हिरवा होता. दोन महिन्यांतले एकोणीस दिवस उरले होते.

घरी आलो तर गुलाबराव, माझे सासरे, व्हरांड्यात वही घेऊन तयार. जीसीएफमध्ये, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्यात, ते छत्तीस वर्षं तपासनीस होते. येईल तो भाग मापाच्या गेजमध्ये घालून पाहायचा. बसला तर पास. केसभर जरी कमीजास्त असला तर लाल खडूची फुली. निवृत्त झाले तरी फुली हातातून गेली नाही. मी स्पॅनिश शिकते म्हटल्यावर त्यांनीही वही घातली. मराठी अक्षरांत उच्चार लिहितात, पुढे अर्थ, आणि रोज दुपारी जेवणाआधी माझी तपासणी. स्वतः ते कुठेही जाणार नाहीत. सुमेधने दहादा म्हटलं, बाबा, तुम्हीपण या. ते म्हणाले, इथे विहाराचं छत गळून राहिलं, ते कोण पाहील.

"चलो, श्रद्धा बेटा. प्रवास. सामान?"

"मालेता."

"पास. खिडकी?"

"वेन्ताना."

"प्लेनमधली खिडकी, तिकिटाची खिडकी."

"वेन्तानिया."

"अर्धा पास. आधी चुकली तू." त्यांनी वहीत काहीतरी केलं. "हरवलो, रस्ता सापडून नाही राहिला?"

ते मला येत होतं. मे ए पेर्दीदो. कालच मी बिनचूक म्हटलं होतं. आता तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं, नुसती पार्वताबाईची निळी साडी. तिला माझं सगळं कळलं आहे. ती विहारात येते. रविवारी बायका सतरंज्या घालतात, तेव्हा ती गुलाबराव भाऊंना म्हणेल. की नाही म्हणणार? ती वाईट बाई नव्हती. उलट तिच्या बोलण्यात ठपका नव्हता, आणि त्याचाच मला त्रास होत होता. तिने तारखांचं ऐकूनही ऐकलं नव्हतं जणू. तिने फक्त माझं एक वाक्य दुरुस्त केलं होतं. बोलते नं बाई. त्या एका वाक्याने माझ्या तीन तारखांच्या खालची फळी काढून घेतली होती आणि मी अजून अधांतरी होते, पाय टेकायला काही मिळत नव्हतं.

"रिजेक्ट," बाबा म्हणाले. पण फुली मारली नाही. चष्म्यावरून पाहिलं. "काहून वं? तब्येत ठीक नाही का?"

"ऊन लागलं असेल."

"पाणी पी. आणि ऐक, काळजी करू नको तारखेची." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वहीवर ठेवून हाताने सपाट केला. "उद्याच्या महाकौशल गाडीचं तिकीट. स्टेशनवर जाऊन काढून आणलं सकाळी. खालची बर्थ भेटली."

मी कागदाकडे पाहिलं. जबलपूर, निजामुद्दीन, गुलाबराव, वय एकोणसत्तर.

"तुम्ही? दिल्लीला?"

"मग? महिना झाला, कम्प्युटर नाही म्हणून राहिला. कम्प्युटरचं काय, त्याले माणूस दिसते का? तिथे खिडकीवर जाऊन उभं राहिलं पाहिजे. माणूस समोर असला की साहेबाले नाही म्हणता येत नाही. सुमेधच्या कॉलेजच्या वेळेस भोपाळला तीन दिवस बसलो होतो मी बाकावर. चौथ्या दिवशी बाबू स्वतः म्हणे, लाओ भाई, लाओ तुम्हारा कागज." ते हसले. "तुझ्या तारखेसाठी आठवडा बसीन. अश्वजीतच्या ओळखीचे आहेत एक तिथे, पडायला जागा भेटते."

अश्वजीत, त्यांचा धाकटा भाऊ. त्यालाही सांगून झालं होतं म्हणजे. गुडघ्याला पट्टा बांधून चालणारा हा माणूस उद्या रात्रभर गाडीत झोपून, परक्या शहरात, काचेच्या दरवाजाशी जाऊन उभा राहणार होता, आणि गणवेशातला कोणीतरी मुलगा त्याला सांगणार होता, अंकल, ये सब ऑनलाइन होता है, तारीखें तो खुली हैं. तारखा तर आहेत. मी तो मुलगा पाहू शकत होते. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र, आणि बाबांचा हात खिशात चष्मा शोधताना. मी म्हटलं, नका जाऊ. ते म्हणाले, अरे, काही होत नाही. मी म्हटलं, तिथे खिडकी नसते तशी. ते म्हणाले, खिडकी सगळीकडे असते.

जेवण झालं. मी काय वाढलं आणि काय खाल्लं ते माझ्या जिभेला कळलं नाही. डाळीत मीठ घातलं की नाही म्हणून पुन्हा चाखली आणि पुन्हा कळलं नाही. प्रणोती पोळीचा गोल कुरतडत सगळ्या बाजूंनी सारखा लहान करत होती. अडीच वाजता सुमेधचा फोन येतो. तिथे तेव्हा अकरा वाजतात, त्यांची मधली सुट्टी. बाबा फोन तांब्याला टेकवून ठेवतात, म्हणजे सगळे दिसतो. आला. सुमेधच्या मागे करकरीत निळं आकाश आणि एक लांबच लांब भिंत. तो हातातला पाव खात होता.

"काय म्हणता? परीक्षा झाली का?"

"आज फेल आहे तुझी बायको," बाबा म्हणाले. "अन् मी उद्या दिल्लीला चाललो."

"कशाला?"

"खिडकीवर उभा राहतो. तारीख आणतो."

"बाबा, तसं नसतं हो ते. श्रद्धा, सांग ना त्यांना. तुम्ही कुठे या वयात..." तो पाव चावायचा थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावर एक असहाय हसू आलं, तिकडे इतक्या लांब बसून बापाला थांबवता न येण्याचं. "बरं, जा. पाहा काही झालं तर. मी तर साहेबाला दोनदा सुट्टीचं सांगून दोनदा माघार घेतली. प्रणूचा पलंग पण आणून ठेवलाय. रोज त्यावर कपडे टाकतो मी, रिकामा दिसू नये म्हणून."

मी तांब्याकडे पाहत होते. फोनच्या कडेला तांब्याचा गोल, त्यात आम्ही सगळे लहान आणि वाकडे.

"तारखा होत्या," मी म्हणाले.

कोणालाच समजलं नाही. बाबा वहीत तिकीट ठेवत होते.

"तारखा होत्या, बाबा. तुम्ही जाऊ नका. तीन वेळा होत्या. मी पाहिल्या आणि घेतल्या नाहीत."

बाबांचा हात वहीवर थांबला. सुमेधने पाव खाली ठेवला, पडद्याबाहेर कुठेतरी. तिकडे वारा होता, तो फोनमध्ये खरखरत होता.

"काहून?" सुमेध म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी कित्येक दिवसांनी ऐकला. चिडला की तो बापासारखा बोलतो. "महिनाभर तू मला लिहून राहिली, नाही मिळत, नाही मिळत. मी विश्वास ठेवून राहिलो. काहून, श्रद्धा?"

उत्तर तयार होतं. महिनाभर ते माझ्या जिभेखाली होतं, दोन भाषांत. ती बोलत नाही, तिला तिथे नेऊन काय करू. मी तोंड उघडलं, आणि प्रणोती माझ्याकडे पाहत होती. पोळीचा नाण्याएवढा गोल तिच्या बोटांत होता. ती वाट पाहत होती, मी तिच्याबद्दल आता काय सांगते याची. रिक्षात हिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं नव्हतं ते आता दिसलं. तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. कणीक मळताना मी त्या स्पॅनिश बाईपाठोपाठ ते वाक्य म्हणत होते आणि खाली फरशीवर झाकणं लावत हिने ते ऐकलं होतं, तिला अर्थ कळो की न कळो, माझा आवाज तर कळत होता. ती तिथे जाईल आणि बोलेल. महिन्या-दोन महिन्यांत, भरभर, मला न समजणारं. दुकानात मी तिच्याकडे वाकून विचारीन, काय म्हणते गं ही, आणि ती मला सांगेल. याची भीती होती. एवढीच होती. आणि ही गोष्ट सासऱ्यांसमोर, तांब्याला टेकवलेल्या नवऱ्यासमोर, कुठल्या भाषेत सांगतात ते मला माहीत नव्हतं.

"बोल ना," सुमेध म्हणाला. "माझी सुट्टी संपून राहिली."

"मम्मीला डर लागते," प्रणोती म्हणाली.

मोठ्याने. फोनकडे तोंड करून. तिचा आवाज इतका जाड असेल असं मला वाटलं नव्हतं. कानात तो नेहमी नुसता वारा असायचा. बाबांनी चष्मा काढला. पडद्यावर सुमेध पुढे वाकला, त्याचं कपाळ तेवढं मोठं झालं. आठ महिन्यांत ती त्याच्याशी फोनवर बोलली नव्हती. तिचं सगळं मीच सांगत आले होते. पप्पा, प्रणू म्हणते तुझा शर्ट छान आहे. पप्पा, प्रणू म्हणते कधी येणार.

"प्रणू?" तो म्हणाला. "पुन्हा बोल बेटा. काय म्हणाली तू?"

पण तिचं झालं होतं. तिने पोळीचा तुकडा तोंडात टाकला, गुडघ्यांवर उभी राहिली, माझ्या खांद्याला धरलं आणि कानाशी आली.

"बाकीचं तू सांग," ती कुजबुजली.

सुमेध थांबला होता. बाबाही. कोणी काही सुचवत नव्हतं, कोणी माझ्याऐवजी बोलत नव्हतं. मी तांब्यापासून फोन उचलला, चेहऱ्यासमोर धरला, आणि ताप होता त्या पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. दुसरी तारीख. तिसरी. त्यानंतर भीतीचं, जसं आलं तसं, तुकड्यातुकड्यांनी. सुमेधच्या मागे कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने तिकडे हात केला, आणि पुन्हा माझ्याकडे पाहत राहिला, रागावलेलाच. मग मी त्याला सांगितलं की सव्वीस तारीख सकाळपर्यंत रिकामी होती, आणि ती अजून आहे का ते मी आत्ता, तो पाहत असताना, बघते.